पैसे मल्टिपलचे, व्हिसा सिंगलचा

व्हिएतनामचा पर्यटक व्हिसा काढायला खरं तर मध्यस्थ लागत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून कुठल्याही देशाचा पासपोर्ट असलेल्या माणसाला ९० दिवसांपर्यंतचा ई-व्हिसा घरबसल्या मिळू शकतो. सिंगल एन्ट्रीचं, म्हणजे एकदाच आत शिरता येईल अशा व्हिसाचं, सरकारी शुल्क २५ डॉलर; मल्टिपलचं, म्हणजे पुन्हा पुन्हा शिरता येईल अशाचं, ५०. पासपोर्टच्या माहितीच्या पानाचा फोटो, चष्मा न लावता काढलेला स्वतःचा फोटो, कधी येणार, कुठून आत शिरणार, राहणार कुठे, एवढं भरायचं आणि कार्डाने पैसे द्यायचे. आम्ही मात्र माणशी १३९ डॉलर मोजले, आणि तरी व्हिसा आला तो चुकीचा.

आमचा बेत असा होता. आधी हनोई, हालाँग बे, होई आन. मग मधेच कंबोडियात सिएम रीपला जाऊन अंगकोर वाट बघायचं, परत हो ची मिन्ह सिटीला यायचं आणि तिथून घरचं विमान धरायचं. म्हणजे व्हिएतनाममध्ये शिरायचं दोनदा. नवरा, मी आणि सासूबाई, तिघांनाही मल्टिपल एन्ट्री हवीच होती.

'व्हिएतनाम व्हिसा' असं शोधल्यावर सगळ्यात वर जी साइट आली ती जाहिरात होती. तसं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. आत गेल्यावर व्हिएतनामच्या झेंड्यासारखी लाल पट्टी, पिवळा तारा, 'इमिग्रेशन' हा शब्द तीन-चार ठिकाणी, आणि बाजूला उलटं चालणारं घड्याळ: इतक्या मिनिटांत अर्ज केलात तर आजच प्रक्रिया सुरू. पानाच्या अगदी तळाशी, फिकट राखाडी अक्षरांत, 'आमचा कोणत्याही सरकारशी संबंध नाही, आम्ही खासगी सेवा देतो' असं एक वाक्य. कायद्याच्या कचाट्यात सापडू नये म्हणून ते लिहायचं आणि कुणी वाचू नये अशा रंगात लिहायचं, ही या धंद्यातली खरी कारागिरी.

किंमत एकच आकडा. त्यातलं सरकारचं किती आणि यांचं किती, हे कुठेच नाही. वर 'तातडीची सेवा, ८ तासांत'. सरकारी पोर्टलवर जादा पैसे देऊन लवकर मिळवायचा पर्यायच नसतो. तिथे ३ कामकाजाचे दिवस सांगतात. शनिवार-रविवार आणि तिकडच्या सुट्ट्या त्यात धरत नाहीत, आणि तेत म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या आसपास तर हाताशी भरपूर दिवस ठेवावेत.

अशा साइटची अजून एक खूण सांगते, कारण ती चटकन लक्षात येत नाही. त्यांचा फॉर्म फारच छोटा होता. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट, झालं. सरकारी अर्जात राहण्याचा पत्ता विचारतात, प्रवेशाचं ठिकाण विचारतात. ते यांनी विचारलंच नाही, म्हणजे ती उत्तरं कुणीतरी आमच्या वतीने मनाने भरली. सोपा फॉर्म बघून बरं वाटतं, पण व्हिसाच्या बाबतीत सोपा फॉर्म म्हणजे कुणीतरी तुमच्या नावावर वाटेल ते लिहिणार आहे.

पैसे कार्डावरून गेले ते तिसऱ्याच देशातल्या, भलत्याच नावाच्या कंपनीकडे. व्हिसा ८ तासांत काही आले नाहीत. आले तेव्हा मात्र खरे आले, बनावट नव्हेत. आम्ही पीडीएफ उघडल्या, नावं आणि पासपोर्टचे नंबर ताडून पाहिले, प्रिंट काढल्या. सासूबाईंना कुठलाही कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची सवय आहे, औषधाच्या डबीतली चिठ्ठीसुद्धा. त्या म्हणाल्या, "अगं, आपण दोनदा जाणार ना तिथे? मग इथे सिंगल का लिहिलंय?"

तिघांच्याही व्हिसावर सिंगल एन्ट्री. आमच्या पावतीवर मल्टिपल. म्हणजे या लोकांनी मल्टिपलचे पैसे घेऊन सरकारकडे २५ डॉलरचा अर्ज भरला होता. सरळ हनोईला जाऊन सरळ परत येणाऱ्या माणसाला हे कधी कळणारही नाही. माझ्या मते हा खेळ त्याच भरवशावर चालतो. आम्हाला ते कळलं नसतं तर सिएम रीपच्या चेक-इन काउंटरवर कळलं असतं, कारण व्हिएतनामचा चालू व्हिसा नसेल तर विमान कंपनी विमानात बसवणारच नाही.

चॅटवर विचारलं तर पहिलं उत्तर आलं, "सिस्टममध्ये असंच दिसतं, विमानतळावर मल्टिपल करून देतात." साफ खोटं. मंजूर झालेला सिंगल व्हिसा विमानतळावर मल्टिपल होत नाही, त्यासाठी नवा अर्ज करावा लागतो. नवऱ्याने ते तोंडावर सांगितल्यावर सूर बदलला: दुरुस्ती करून देतो, माणशी ९५ डॉलर, पण आजच भरा.

इथे नवऱ्याने एक चांगलं केलं. पैशांचं बोलणं बाजूला ठेवलं आणि आमच्या अर्जांचे नोंदणी क्रमांक मागितले. सरकारी पोर्टलवर अर्ज कुठवर आला हे बघायला तीन गोष्टी लागतात: नोंदणी क्रमांक, अर्जात दिलेला ईमेल आणि जन्मतारीख. क्रमांक द्यायला त्यांनी टाळाटाळ केली, "ते अंतर्गत असतं" म्हणाले. फार मागे लागल्यावर दिले, पण आमचा ईमेल घातला तर काही सापडेना. कारण अर्जात ईमेल होता त्यांचा. सरकारकडून येणारं प्रत्येक उत्तर, प्रत्येक शंका त्यांच्याकडे जात होती, आणि त्यातलं आम्हाला काय सांगायचं हे ते ठरवत होते. व्हिसा आमचा, पासपोर्ट आमचे, आणि अर्जावर ताबा त्यांचा. फोटो नामंजूर झाला, नाव अडकलं, फाइल पुढे सरकवायची आहे, अशा कुठल्याही नावाखाली ते पैसे मागू शकतात आणि आपल्याला पडताळायला काही मार्ग उरत नाही. म्हणून एजंटाकडून करून घ्यायचंच असेल तर (सगळे एजंट चोर नसतात, आपलं शुल्क वेगळं लिहून देणारे भले लोकही आहेत) अर्जात तुमचाच ईमेल घालायला लावा आणि नोंदणी क्रमांक त्याच दिवशी घ्या. कां-कूं केली तर तिथूनच उठा.

९५ डॉलर आम्ही दिले नाहीत. मार्गच फिरवला, अंगकोर शेवटाला टाकलं आणि घरची तिकिटं सिएम रीपहून करून घेतली. तिकिटं बदलायचा भुर्दंड पडला तो पडलाच. कंबोडियाचा ई-व्हिसा मात्र स्वतः काढला, साइटचा पत्ता 'डॉट गव्ह डॉट केएच'ने संपतो हे बघून. व्हिएतनामचा 'इव्हिसा डॉट गव्ह डॉट व्हीएन' असा आहे. पत्त्याचा शेवट बघायचा, सुरुवात नाही. सुरुवातीला व्हिएतनाम, व्हिसा, गव्हर्नमेंट असं काहीही कुणीही लावू शकतं.

हीच तऱ्हा जिथे एक पैसाही लागत नाही तिथेही चालते. थायलंडने १ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड, म्हणजे देशात येण्याआधी ऑनलाइन भरायचा माहितीचा फॉर्म, सक्तीचं केलं. ते फुकट आहे, पोचण्याआधीच्या ३ दिवसांत भरायचं असतं. सिंगापूरचं अरायव्हल कार्डही फुकट. दोन्हींसाठी पैसे घेणाऱ्या साइट आहेत.

पैशांचं म्हणाल तर बँकेत कार्डाच्या व्यवहारावर तक्रार केली. नुसतं 'महाग पडलं' किंवा 'फसवलं' म्हणून बँक ऐकत नाही, कारण अटी मान्य असल्याची आपली टिकमार्क कंपनी पुढे करते. आमचंही तेच झालं. चाललं ते एकच: मल्टिपल एन्ट्री लिहिलेली पावती आणि सिंगल एन्ट्री लिहिलेला व्हिसा, शेजारी शेजारी. मागितलेली वस्तू वेगळी आणि दिलेली वेगळी, हे बँकेला दोन कागदांत दिसलं. मग कंपनीने अर्धे पैसे परत द्यायची तयारी दाखवली, आम्ही ते घेतले. चॅटचे स्क्रीनशॉट आम्ही लगेच काढून ठेवले होते ते बरं झालं, कारण नंतर त्यांनी आमचं खातंच बंद केलं. पासपोर्टच्या प्रती पुसून टाका म्हणून तीनदा लिहिलं, त्यावर उत्तर नाही. 'आमच्या सेवेला पाच तारे द्या, पुढच्या व्हिसावर सवलत मिळवा' असा मेल मात्र अजून येतो.