डोकं जड झालंय: सुंठ उगाळावी की पुदिन्याचं तेल लावावं?

दिवसभर स्क्रीनसमोर बसून उठलं की कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखं होतं, मान-खांदे आखडतात. मळमळ नसते, चाललं-फिरलं म्हणून दुखणं वाढतही नाही. ही ताणाची डोकेदुखी. एकाच बाजूला ठणका, उलटी, उजेड नकोसा होणं ही अर्धशिशीची लक्षणं. तिचा विचार वेगळा. आणि डोकं एकदम, कधी नव्हे इतकं दुखू लागलं, सोबत ताप येऊन मान ताठली, बोलणं अडखळलं किंवा डोक्याला मार लागलेला असेल, तर घरगुती काही करत बसू नये, लगेच डॉक्टर गाठावा.

साध्या ताणाच्या दुखण्यावर माझी पहिली पसंती पुदिन्याच्या तेलाला. वनस्पतींच्या उपायांत याच दुखण्यावर नीट तपासलेल्या मोजक्यांपैकी हा एक. जर्मनीत 1996 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 10 टक्के पेपरमिंट तेलाचं अल्कोहोलमधलं द्रावण कपाळावर आणि कानशिलांवर लावलं; 15 मिनिटांत उतार दिसू लागला आणि 1000 मिलिग्रॅम पॅरासिटामॉलच्या तुलनेत ते मागे पडलं नाही. घरी चहाचा एक चमचा खोबरेल तेलात 8-10 थेंब पुरतात. मात्र चटणीचा पुदिना चुरडून लावला तर तो गुण येत नाही. आपल्या बाजारातला बहुतेक पुदिना पेपरमिंटहून वेगळ्या जातीचा, त्यात मेंथॉल (गारवा देणारा घटक) फारच कमी असतं. अमृतधारेत पुदिन्याचं फूल, म्हणजे मेंथॉलचे खडे, असतं, पण ती कापूर आणि ओव्याच्या फुलासह बनलेली, फार तीव्र. चेहऱ्यावर तशीच लावू नये.

सुंठेचं काम नेमकं उलटं. मेंथॉल त्वचेला गारवा भासवतं, सुंठ ऊब देते. सहाणेवर चार थेंब पाणी घालून सुंठ उगाळायची, कपाळावर पातळ लेप द्यायचा आणि वाळेपर्यंत डोळे मिटून पडायचं. मला वाटतं, निम्मा गुण त्या पडून राहण्यातच आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही. आखडलेल्या मानेला तेच हवं असतं. आल्यावरचे अभ्यास आहेत ते मुख्यतः अर्धशिशीवर आणि पोटात घेण्याचे, लेपाचे नव्हेत. शिवाय नाजूक त्वचा चुरचुरते, लाल होते. आधी मनगटावर लावून पाहावं.

चंदनाचा लेप गार वाटतो, पण अस्सल खोड महाग आणि बाजारातल्या भुकटीचा भरवसा नाही.

चहा-कॉफीचं मात्र जपून. कॅफिनने वेदनाशामक गोळीचा गुण वाढतो हे खरं, पण रोज चार-पाच कप पिणाऱ्याचं एक दिवस चहा चुकला तरी डोकं धरतं. अशा माणसाने कप हळूहळू कमी करावेत.

म्हणून ऑफिसात, बसमध्ये, पंधरा मिनिटांत कामाला लागायचं असेल तर तेलाची छोटी बाटली. रात्री घरी, मान धरली असेल, अर्धा तास हातात असेल तर सुंठ आणि गरम पाण्याचा शेक. महिन्यातले पंधरा दिवस डोकं दुखत असेल तर दोन्ही पुरे पडणार नाहीत. एवढे दिवस गोळ्या घेतल्या तर त्यांनीच डोकं दुखू लागतं, म्हणून तपासून घ्यावं.

घरात तान्हं किंवा लहान मूल असेल तर पुदिन्याचं तेल, कापूर, निलगिरी त्याच्या चेहऱ्याजवळ नेऊ नये. श्वास अडकू शकतो आणि कापूर पोटात गेला तर झटके येतात.