जुनी डिझेल डिझायर: नऊ महिने, ३१ हजार किमी आणि सीटखालची पावती

या गाडीचं इंजिन, अ‍ॅव्हरेज, फीचर्स सगळ्यांना पाठ आहेत, ते परत लिहीत नाही. मला ड्रायव्हरच्या सीटबद्दल लिहायचंय. जुनी गाडी घेताना या सीटकडे कोणी नीट बघत नाही, मीही बघितलं नाही, आणि त्यापायी तीन महिने कंबर धरून गाडी चालवली.

आधी काम सांगतो, म्हणजे हिशोब कळेल. विद्राव्य खतांच्या कंपनीत फिल्डवर आहे. दिंडोरी-वणी, निफाड-लासलगाव, चांदवड-मालेगाव, कळवण-सटाणा, शेवटी सिन्नर, असा आठवडा. महिन्याला साडेतीन हजार किमी ठरलेले, द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की त्याहून जास्त. कंपनी किलोमीटरला ९ रुपये देते. डिझेल, टायर, सर्व्हिस, विमा, सगळं त्यातच बसवायचं. उरेल ते घरात.

जून २०२४ मध्ये नाशिकमधल्याच एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडून ही २०१७ ची डिझेल डिझायर घेतली. एमएच १४ म्हणजे पिंपरी-चिंचवड पासिंग, मीटर ७१,२००, किंमत ५ लाख १० हजार. मारुतीने एप्रिल २०२० ला, बीएस-६ हे धुराचे कडक नियम लागू झाले तेव्हा डिझेल बंद केलं, त्यामुळे हवी असेल तर जुनीच घ्यावी लागते. सीएनजीची वॅगनआर पण पाहिली होती. पण डिकीत टाकी आली की सॅम्पलच्या पिशव्या कुठे ठेवायच्या? आणि सीएनजी पंपावरच्या रांगेत रोजचा अर्धा तास घालवला तर दोन दुकानं कमी होतात. डिझायरचं १२४८ सीसीचं इंजिन मूळ फियाटचं, स्विफ्टपासून टाटा व्हिस्टापर्यंत सगळीकडे बसलेलं. सटाण्यात बंद पडली तरी पार्ट मिळतो आणि हात लावणारा माणूसही मिळतो. टायमिंग चेनची गाडी, त्यामुळे ठरावीक किलोमीटरला बेल्ट बदलायचा खर्च नाही.

घेताना तपासणी मनापासून केली होती. एम-परिवहन या सरकारी अ‍ॅपवर कर्जाचा बोजा आणि विमा पाहिला. टायरवरचे चार आकडे वाचले, आठवडा आणि वर्ष. गाडी पुराच्या पाण्यातली नको म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाची रेघ शोधली, स्टेपनी काढून खालचा पत्रा पाहिला. सकाळी सातला जाऊन थंड इंजिन स्टार्ट केलं. सगळं चोख. सीटला नवं कोरं रेक्झिनचं कव्हर होतं, त्याचं मला बरंच वाटलं. क्लचच्या पॅडलचं रबरही नवं होतं. ७१ हजार चाललेल्या गाडीचं रबर बदलायची वेळ का यावी, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

पहिल्याच महिन्यात उजवं कुल्लं दुखायला लागलं. मालेगावहून निघालो की राहुड घाटापर्यंत ठीक, पिंपळगाव आलं की बसवत नाही. पाकीट मागच्या खिशातून काढून डॅशबोर्डवर ठेवलं. टॉवेलची घडी घातली. घडी उजवीकडे घसरायची, मी पण तिच्याबरोबर घसरायचो. डॉक्टर म्हणाले, सीट बघा आधी. सप्टेंबरमध्ये शेवटी भद्रकालीतल्या एका कुशनवाल्या चाचांकडे गाडी लावली.

चाचांनी कव्हरच्या खालच्या दोऱ्या सोडल्या आणि मूळ कापड उघडं पडलं. उजवी कड, जिथून आपण चढता-उतरताना घासत जातो, तिथे कापड विरून आतली जाळी दिसत होती. फोमवर त्यांनी बोट दाबलं, तर बोटाखालून पिवळा भुगा गळाला. "साहेब, याचं तर पीठ झालंय. ही सत्तर हजारची सीट नाही, दीड लाखाच्या वरची आहे." मग सीटचे चार बोल्ट काढून सीट उचलली. रुळाच्या खाचेत धुळीत चिकटलेली एक पावती निघाली. व्हील अलाइनमेंटची, मार्च २०२१ ची, गाडीचा नंबर हाच, आणि किलोमीटरच्या रकान्यात पेनाने लिहिलेलं: १,१२,६४०.

तीन वर्षांपूर्वी एक लाख बारा हजार, आणि मला विकताना ७१ हजार. दुसऱ्या दिवशी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये आरसी दाखवून नोंदी मागितल्या. शेवटची नोंद ऑक्टोबर २०२० ची, १,०४,०००. हे मी पैसे देण्याआधी करायला हवं होतं. व्यापारी म्हणाला होता "हिस्ट्री बाहेरची आहे, मिळणार नाही", आणि मी ऐकून घेतलं.

त्या दोन आठवड्यांत मी या गाडीबद्दल जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पावती घेऊन गेलो तर पहिलं उत्तर, "शेठ, गाडी चालतेय ना?" दुसऱ्या फेरीत, "मीटर आम्हाला असंच आलं." करारावर "जशी आहे तशी" लिहिलेलं होतंच, पण त्याच कागदावर ७१,२०० हा आकडा त्यांच्याच शिक्क्याखाली होता. पोलीस तक्रार आणि ग्राहक आयोग, दोन्हीचा अर्ज टाइप करून समोर ठेवला तेव्हा दहा हजार परत आले. गाडी परत घ्यायला तयार नव्हते.

अंबडच्या माझ्या मेकॅनिकला म्हटलं, विकूनच टाकतो. तो म्हणाला, "भाऊ, आधी इंजिन तर बघू." इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडलं, आतून धुराचा दाब नाही. टर्बोच्या पाइपात ऑइल नाममात्र. स्कॅनरवर चारही इंजेक्टर ठीक. क्लच मात्र गेल्यात जमा, पूर्ण सेटचे १३,८०० झाले. त्याचं म्हणणं, ही पुणे-मुंबई हायवेला पळालेली गाडी आहे, शहरात रोज पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडलेली असती तर आज असा आवाज आला नसता. माझा राग तिथे उतरला. व्यापाऱ्यावरचा नाही, गाडीवरचा.

आज खरा आकडा एक लाख नव्वदच्या आसपास धरतो. मारुतीचा दावा लिटरला २८.४० किमीचा, मला टाकी टू टाकी २२ मिळतं, एसी लावून. डिझेल ९० च्या पुढे असूनही किलोमीटरला सव्वाचारच्या आत इंधन. दर दहा हजारला ऑइल आणि फिल्टर, त्यात एक दिवसही पुढे ढकलत नाही. बंद पडून रस्त्यात उभा राहिलो नाही एकदाही.

सीटचं सांगायचं राहिलं. चाचांनी ४० डेन्सिटीचा फोम घातला, उजव्या कडेला वेगळी पट्टी दिली, मजुरीसह २,२०० रुपये. पहिले चार दिवस कडक वाटली, मग अंगाला बसली. या गाडीवर केलेल्या सगळ्या खर्चातला हा खर्च मला सर्वांत मोलाचा वाटतो, क्लचपेक्षाही. दिवसाचे पाच तास मी इंजिनवर बसत नाही, सीटवर बसतो. इतकी साधी गोष्ट, पण जुनी गाडी दाखवणारा प्रत्येक जण बॉनेटच उघडतो.

म्हणून घ्यायला जाल तेव्हा कव्हर काढायला लावा. नाही म्हणाले तर कव्हराखाली हात घालून उजव्या कडेचा फोम डाव्या कडेशी ताडून बघा. शेजारच्या सीटवरही बसून पाहा, दोन्हींत किती फरक आहे ते पाठीलाच कळतं. दीड लाख चाललेली गाडी मी पुन्हाही घेईन, पण दीड लाखाच्या भावाने. माझी पावती प्लास्टिकमध्ये घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलीय. विकेन तेव्हा गाडीबरोबर देणार.

सध्या वणी रस्त्याला खड्ड्यात पुढून खडखड येतेय. सस्पेन्शनचे लोअर आर्म आहेत, रविवारी बदलतोय.