जोमोन जबडे : कीड मोजावी की खाचा?

जपानमधल्या शिकार-संकलनाच्या जोमोन काळाकडून भातशेतीच्या यायोई काळाकडे झालेल्या बदलावर सांगाड्यांच्या दातांवरून काम करायचं ठरलं की नोंदतक्ता आखतानाच प्रश्न उभा राहतो : मुख्य भर दातांच्या किडीवर ठेवायचा की एनॅमलवरच्या, म्हणजे दाताच्या कठीण आवरणावरच्या, आडव्या खाचांवर, म्हणजे हायपोप्लेसियावर? दोन्ही करावं हे खरंच, पण सांगाड्यांच्या संग्रहात बसायला मिळणारा वेळ बेताचा असतो.

मुद्द्याचं बोलायचं तर खाचा जास्त नेमक्या. कीड आयुष्यभर साठत जाते, शिवाय वयाबरोबर वाढते. खाच पडते ती बालपणी दात घडत असताना, उपासमारीत किंवा मोठ्या आजारात. सुळ्याचा मुकुट साधारण सहाव्या महिन्यापासून सहाव्या वर्षापर्यंत घडतो, त्यामुळे मुळाच्या सांध्यापासून खाच किती वर आहे हे कॅलिपरने मोजलं की आजारपणाचं वय अंदाजे काढता येतं. तिरका उजेड, दहापट भिंग, आणि नखाला लागेल तेवढीच खाच धरायची. इतकं पथ्य पुरतं.

अडचण पुढे आहे. खाचा सर्वांत स्पष्ट दिसतात त्या पटाशीच्या दातांवर आणि सुळ्यांवर, आणि उत्तर व अंतिम जोमोन काळात हेच दात मुद्दाम काढून टाकायची रीत होती. आइची प्रांतातलं योशिगो आणि इनारियामा, ओकायामा प्रांतातलं त्सुकुमो, यांपैकी कुठल्याही स्थळाचा संग्रह उघडा : बहुसंख्य प्रौढांचे वरचे सुळे नाहीत. खाली कुणाचे चारही पटाशीचे दात काढलेले, कुणाचे दोन्ही सुळे. पुरातत्त्वज्ञ हारुनारी हिदेजी यांनी याच दोन गटांवरून स्थानिक कोण आणि लग्नाने आलेलं कोण, असा तर्क मांडला होता. तो विषय मोठा रंजक, पण खाचा मोजणाऱ्याच्या हाती मात्र रिकाम्या, बुजलेल्या खोबणी उरतात. जे दात शिल्लक असतात त्यांची झीज इतकी की मुकुटाचा वरचा भाग, म्हणजे पहिल्या एक-दोन वर्षांची नोंद, पुसली गेलेली. यायोईतही सुटका नाही. यामागुची प्रांतातल्या दोइगाहामाच्या वाळूतल्या सांगाड्यांमध्येही दात काढलेले आहेत.

कीड मुख्यतः दाढांवर, आणि दाढांना या रीतीचा हात लागत नाही. माझ्या मते पारडं इथेच झुकतं. शिवाय जोमोन कीड सांगण्यासारखं काही सांगते : दातांचे अभ्यासक मानववंशशास्त्रज्ञ टर्नर यांनी १९७९ मध्ये मध्य जपानच्या जोमोन दातांत ८.६ टक्के कीड नोंदवली, शिकार-संकलनावर जगणाऱ्यांच्या मानाने बरीच जास्त. चेस्टनट, ओकची फळं, कंद अशा पिठूळ खाण्याकडे बोट जातं. प्रौढांत ती बरीचशी दाताच्या मानेवर आणि मुळावर असते, म्हणून फक्त चावण्याचा पृष्ठभाग पाहून पुढे जाऊ नये. शिंपल्यांच्या ढिगाऱ्यातले दात तपकिरी डागाळलेले असू शकतात. डाग म्हणजे कीड नव्हे, प्रोबचं, म्हणजे तपासणीच्या सुईचं, टोक खड्ड्यात अडकायला हवं. कडा धारदार आणि आतली भिंत पांढरी, खडूसारखी असेल तर तो मृत्यूनंतरचा क्षय समजावा.

जिवंतपणी पडलेले दात हिशेबात घेताना मात्र जपून. मानववंशशास्त्रज्ञ ल्युकाक्स यांची दुरुस्तीची रीत (आपल्या पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननातल्या दातांवर काम केलेले तेच) बरेच जण वापरतात. समजा शिल्लक ४०० दात, त्यात ३२ किडके, ६० जिवंतपणी गेलेले, आणि आतली मज्जा उघडी पडलेल्या दातांपैकी ६० टक्के किडीमुळे, उरलेले झिजेमुळे. तेच प्रमाण गेलेल्या साठांना लावलं की ३६ किडीमुळे गेले असं धरायचं, मग (३२+३६)/४६० म्हणजे १४.८ टक्के. पण त्या साठातले ३० मुद्दाम काढलेले असतील तर ते अंश आणि छेद दोन्हींतून वगळायचे : (३२+१८)/४३०, म्हणजे ११.६. एवढ्या फरकाने जोमोन लोक शेतकरी ठरू शकतात! मुद्दाम काढलेल्या दाताची ओळख अशी : जागा पुढची, दोन्ही बाजूंना सारखी, खोबण गुळगुळीत भरलेली, शेजारचे दात निरोगी, गळवाची खूण नाही, समोरच्या जबड्यातला जोडीचा दात कमी झिजलेला.

संग्रहात लहान मुलं भरपूर असतील तर मी खाचांच्या बाजूने जाईन. दात काढण्याचं वय साधारण किशोरावस्थेपासून पुढचं, त्यामुळे मुलांचे सुळे जागेवर असतात आणि झीजही थोडी. प्रौढांचा संग्रह असेल तर कीड मुख्य ठेवावी आणि खाचा फक्त उरलेल्या सुळ्यांपुरत्या, वेगळ्या रकान्यात, किती सुळे तपासता आले तो आकडा शेजारी लिहून.