ऐकण्याची प्रार्थना: पावसाळ्यापासून आजवरचा अनुभव

रोज पहाटे बायबलमधलं थोडं वचन वाचायचं, मग गप्प बसून देवाला बोलू द्यायचं, ही सवय मी पावसाळ्यात लावून घेतली. आता साखर कारखान्यांचा गळीत हंगाम संपत आलाय. मधल्या काळात ती कधी जमली, कधी नाही, पण सुटली नाही.

मी मिरजेची. 1894 साली मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांनी इथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं आणि त्याच्या आसपास आमची ख्रिस्ती मंडळी, म्हणजे चर्च, वाढली. त्यामुळे प्रार्थना म्हटलं की आम्हाला आधी आजारीच आठवतात. कुणाचं ऑपरेशन, कुणाचे रिपोर्ट, सगळ्यांची नावं घेऊन आम्ही देवापुढं ठेवतो. मध्यस्थीची ही प्रार्थना मला फार प्रिय आहे आणि ती चालूच आहे. पण तिच्यात बोलणारे आपणच असतो. ‘आमेन’ म्हटलं की आपण उठतो.

ऐकण्याची पद्धत जुनीच आहे. बाराव्या शतकात गुइगो नावाच्या मठवासीयानं तिच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि शेवटी देवासमोर नुसतं असणं. मी पाच-सहा ओव्यांचा (बायबलमधल्या क्रमांक दिलेल्या वचनांचा) उतारा घेते आणि पुटपुटत सावकाश वाचते. एखादा शब्द मनाला धरतो, तिथं थांबते, त्यावरून देवाशी बोलते आणि मग बोलणं थांबवते. लागतं फक्त पवित्र शास्त्र आणि एक वही. मोबाईलवरचं बायबल प्रवासात ठीक, पण यासाठी छापीलच घ्या.

सुरुवातीचे आठवडे कोरडे जातात. डोळे मिटले की पाण्याची मोटर, दुधाचं बिल, मुलीची फी, सगळं रांगेनं येतं. मी ते वहीच्या कडेला लिहून टाकते आणि पुन्हा त्या शब्दाकडे वळते. एवढ्यानं पुष्कळ भागतं.

खरी कसोटी दिवाळीनंतर लागली. मिस्टरांना पुण्यातून चांगल्या पगाराचं बोलावणं आलं. इकडे सासऱ्यांचं डायलिसिस चालू, मुलगी दहावीत. जाऊ की राहू, एवढंच सांग, असं मी रोज विचारत होते. उत्तर आलं नाही. त्याच दिवसांत वाचनात बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं 131 वं स्तोत्र आलं. तीनच ओव्या आहेत. आपल्या आवाक्याबाहेरच्या मोठ्या गोष्टींत मी पडत नाही, असं स्तोत्रकर्ता म्हणतो आणि आपल्या जिवाला आईजवळच्या दूध तुटलेल्या बाळाची उपमा देतो. अंगावरचं बाळ आईजवळ गेलं की दूध शोधतं. दूध तुटलेलं तिच्याजवळ नुसतं बसतं, कारण त्याला आई हवी असते. मी त्या ओवीवर कितीतरी दिवस राहिले. माझा प्रश्न तसाच होता, पण त्यातली धास्ती गेली. देव अजून काही बोलला नव्हता आणि तरीही त्याच्यावर भरवसा बसला होता. माझ्या अनुभवात क्रम असाच लागला, आधी भरवसा आणि मग ऐकू येणं.

मग आम्ही घरी बसून बोललो, सासऱ्यांशी बोललो, चर्चच्या पाळकसाहेबांना भेटलो आणि राहायचं ठरवलं. पुढं एक आठवडा फार वाईट गेला. पगार लांबला, सासऱ्यांची तब्येत खालावली आणि निर्णय फिरवावा असं सारखं वाटू लागलं. तेव्हा सोळाव्या शतकातले ख्रिस्ती संत इग्नेशियस लोयोला यांचा एक नियम कामी आला: मन उदास, कोरडं असताना आधी शांतपणे केलेला निश्चय बदलू नये. आम्ही थांबलो. महिन्याभरानं पाहिलं तेव्हाही निर्णय तोच बरोबर वाटला.

एक धोका मात्र स्पष्ट सांगते. मनात आलेला प्रत्येक विचार देवाचा नसतो. ‘देवानं मला सांगितलं’ म्हणून दुसऱ्याचं तोंड बंद करणारी माणसं मी पाहिली आहेत आणि त्याचं मला मनापासून दुःख होतं. प्रेषित पौलानं थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पत्रात लिहिलंय की सगळ्याची पारख करा, चांगलं ते बळकट धरा. वचनाशी जुळतं का, त्यातून प्रीती वाढते का, जाणत्या विश्वासणाऱ्यांना काय वाटतं, एवढं तपासल्याशिवाय पाऊल टाकू नका.

हे गप्प बसणं आपलं, ख्रिस्ती लोकांचं नाही, असंही काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. बायबलमधला शमुवेल रात्री देवाची हाक ऐकत होता. एलीया संदेष्ट्याला वारा, भूकंप आणि अग्नी यांच्यानंतर मंद वाणी ऐकू आली. प्रभू येशू स्वतः पहाटे अंधारात उठून एकांतात जात असे. आणि शेजारच्या साताऱ्यात 1917 मध्ये ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभारणारे कवी ना. वा. टिळक तर तुकोबांच्या वाटेनं ख्रिस्ताकडे आलो असं सांगत. मनन आपल्या मातीला नवं नाही.

घरात नुकताच मृत्यू झाला असेल तर मात्र यानं सुरुवात करू नका. तेव्हा शांतता अंगावर येते. 13 वं स्तोत्र मोठ्यानं म्हणा. ‘किती वेळ, प्रभू?’ असं विचारायची मुभा तिथं आहे.

बाकीच्यांनी मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरू करावं, प्रसंग छोटे आहेत. मी सध्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात आहे. मेंढरं मेंढपाळाची वाणी ओळखतात, त्या भागाच्या पुढं अजून सरकलेली नाही आणि मला घाईही नाही.