मदरबोर्डचे पैसे घेतले, मदरबोर्ड जुनाच निघाला

घरी डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करून पानं जुळवण्याचं काम करणाऱ्या बायका नाशिकमध्ये बऱ्याच आहेत, आणि अनेकींकडे माझ्यासारखंच जुनं कॉम्प्युटर मशीन आहे. फॉन्टचं जुनं सॉफ्टवेअर त्यावरच नीट चालतं, म्हणून आपण ते जपतो. माझं 2013 चं, आय-थ्री प्रोसेसर, रॅमच्या (म्हणजे चालू कामाच्या मेमरीच्या) 4 जीबीच्या दोन डीडीआर-थ्री पट्ट्या.

जुलैत ते अचानक निळी स्क्रीन दाखवायला लागलं. मग एके सकाळी चालूच होईना, स्क्रीन काळी आणि आतून लांब बीप. प्रबंधाची तीनशे पानं अडकलेली, विद्यार्थिनीची तारीख जवळ आलेली. ओळखीच्या एकांनी दुकान सुचवलं. सिडकोतून रिक्षात मांडीवर सीपीयू घेऊन गेले. दुकानदाराने दहा मिनिटांत सांगितलं, "मॅडम, मदरबोर्ड गेलाय. वापरलेला चांगला पीस टाकून देतो, 4800."

मदरबोर्ड म्हणजे सगळे भाग ज्याला जोडलेले असतात तो मुख्य बोर्ड. हो म्हटलं. इथेच चुकले. त्या बीपचा अर्थ मला तेव्हा माहीत नव्हता. बहुतेक जुन्या बोर्डांवर रॅम लागली नाही किंवा सापडली नाही की तो तशीच ओरड करतो. बोर्ड साफ मेलेला असेल तर सहसा बीपसुद्धा येत नाही.

मशीन घरी आलं, पण फार हळू चालायचं. चौथ्या दिवशी पुन्हा निळी स्क्रीन. भाचा पॉलिटेक्निकला आहे. त्याने टास्क मॅनेजर उघडला आणि म्हणाला, "मावशी, तुझी रॅम 8 होती ना? इथे 4 दिसते." कॅबिनेट उघडलं तर आत 2 जीबीच्या दोन पट्ट्या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या. आणि बोर्ड? माझाच. कोपऱ्यावर 2013 च्या विक्रेत्याचं स्टिकर तसंच, तेव्हाच्या खरेदीच्या बिलावरचा नंबरही तोच. मी किती वेळ नुसती त्या स्टिकरकडे बघत बसले होते.

भाच्याने पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्रॅम, रात्रभर चालवला. पहाटे स्क्रीनवर लाल ओळी, म्हणजे चुका. एकेक पट्टी एकटी लावून पुन्हा तपासली तेव्हा एकच खराब निघाली. म्हणजे माझ्या पट्ट्या काढून त्या जागी खराब माल बसवला होता. माझी मूळची रॅम बिघडली होती की पावसाळ्याच्या दमट हवेत तिचे पिवळे टोक नुसते मळले होते, हे आता कधीच कळणार नाही.

दुकानात परत गेले तर म्हणे, "32 बिटची विंडोज 4 च्या वर दाखवत नाही." माझी विंडोज 64 बिटची आहे, आणि 32 बिटची असती तरी बसवलेली रॅम 8 च दिसली असती, वापरता येणारी तेवढी कमी. हे मी सांगितल्यावर त्याचा सूरच बदलला: "तुम्हीच काढली असेल." माझ्याकडे साध्या कागदावर लिहिलेलं "रिपेअरिंग 4800" एवढंच. रॅमचा उल्लेख नाही, जीएसटी नंबर नाही. 1915 वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पण आत कोणती रॅम होती याचा पुरावा माझ्याकडे नाही, आणि तीच माझी अडचण आहे.

म्हणून बायांनो, बीप आली तर आधी घरीच बघा. प्लग काढा, पॉवरचं बटण दाबून उरलेली वीज जाऊ द्या, पट्टी काढून तिचे पिवळे टोक खोडरबराने हलके पुसा, दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक्क वाजेपर्यंत दाबून बसवा. मग एकेक पट्टी एकटी लावून मशीन चालू करून बघा. तरीही दुकानात न्यायचंच झालं तर झाकण उघडून रॅमच्या स्टिकरचा, बोर्डाच्या नंबरचा फोटो काढा, पावतीवर "4 जीबीच्या दोन" असं लिहून घ्या आणि काढलेला भाग परत मागा.

परवा शेजारच्या ताईंचं मशीन दुकानात जाणार होतं. रिक्षा खाली थांबवून आम्ही दोघींनी जिन्यातच झाकण उघडलं आणि फोटो काढले.