साधं फंक्शन की ॲरो फंक्शन?

जावास्क्रिप्टमधे 'फंक्शन' शब्दाने सुरू होणारं साधं फंक्शन (नाव दिलेला, हवा तेव्हा चालवता येणारा कोड) फाइलच्या अगदी तळाला लिहिलं तरी वरून बिनधास्त कॉल करता येतं. ॲरो, म्हणजे '=>' या बाणाने लिहायचं फंक्शन, आलं २०१५ मधे; ते कॉन्स्टमधे (पुन्हा दुसरं काही ठेवता न येणाऱ्या व्हेरिएबलमधे) ठेवलं आणि त्या ओळीच्या आधीच कॉल केलं की सरळ रेफरन्स एरर. पण खरी गोची 'धिस'ची आहे, म्हणजे फंक्शन ज्या ऑब्जेक्टवरून कॉल झालं ते ऑब्जेक्ट दाखवणाऱ्या शब्दाची. ऑब्जेक्टची मेथड (त्याच्या आतलं फंक्शन) ॲरोने लिहिली आणि आत धिस.किंमत मागितली तर त्या ऑब्जेक्टची किंमत मिळतच नाही, कारण ॲरोला स्वतःचा धिस नसतो, ते बाहेरचाच घेतं. म्हणून मेथड मी कायम साध्या पद्धतीनेच लिहितो. उलट मेथडच्या आत सेटटाइमआउट (ठरावीक वेळाने फंक्शन चालवायची सोय) लावायचा असेल तर ॲरोच घ्या राव, ते मेथडचाच धिस घेतं; पूर्वी त्यासाठी 'व्हार सेल्फ = धिस' अशी वेगळी ओळ लिहून ठेवावी लागायची!