कष्टकरी आई रंगमंचावर: भावस्मृती की शारीरिक कृती?
कापूस वेचून मुलांना वाढवणारी खान्देशी आई उभी करताना अभिनेत्रीपुढे दोन वाटा असतात. पहिली भावस्मृतीची, म्हणजे स्वतःचे एखादे दुःख आठवून ते प्रयोगात पुन्हा जागवण्याची. रशियन नाट्यदिग्दर्शक आणि अभिनयगुरू स्तानिस्लाव्स्कींनी ती दाखवली. परंतु १९३८ मध्ये निधन होण्यापूर्वीच्या काही वर्षांत त्यांचा भर शारीरिक कृतींवर आला, आणि हीच दुसरी वाट.

पहिल्या वाटेने तालमीत डोळे खरोखर भरून येतात, मात्र प्रयोगागणिक आठवण बोथट होते आणि मग आवाज उगाच चढतो. सतत रडणारी आई प्रेक्षकाला थकवते, हे स्पष्ट सांगायला हवे.

दुसऱ्या वाटेत हात बोलतात. कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकलेली, वाळलेल्या बोंडांच्या टोकांनी बोटे सोललेली बाई संध्याकाळी कळण्याची भाकरी थापते, तेव्हा दुखरे बोट नकळत पिठापासून वर उचललेले राहते. भाकरी मात्र फाटत नाही, कारण तो रोजचा हात आहे. मुलाने शाळेच्या फीचे विचारताच थापणे क्षणभर थांबावे, भाकरी तव्यावर पडावी आणि मगच उत्तर यावे. संवाद अहिराणीत असतील, तर बोलीचा हेल कामाच्या लयीतूनच बसवावा.

माझा कौल निःसंशय दुसऱ्या वाटेला आहे. भावस्मृतीचा आधार घ्यायचाच असेल, तर तो सुरुवातीच्या तालमींपुरता घ्यावा आणि प्रत्यक्ष प्रयोगात लक्ष पीठ, तवा आणि समोरच्या मुलावर ठेवावे.